खांद्यातली सुई आणि बूस्टरची गोळी

हे मी त्यांच्यासाठी लिहिते आहे, ज्यांच्या घरी गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं असतं. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना त्यातलं निम्मं खोटं वाटेल.

मी आंजीला राहते. घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की आहे, ती मी चालवते. मागे माझे दीर बाबाराव, जाऊ मंदा आणि त्यांची मुलगी रूपाली राहतात. चूल एकच. माझा नवरा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये होता. तो गेल्याला बरीच वर्षं झाली. त्याच्या शेवटच्या आजारपणात आमची दोघांची तपासणी एकाच दिवशी झाली. खिडकीतल्या माणसाने नाव पुकारलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, दोघंही पॉझिटिव्ह, त्या खोलीत जा. रांग बाजूला सरली. आम्हाला वाट मिळाली, तेवढी सोय झाली.

एचआयव्ही कोणाकडून आला, कसा आला, हा विषय मी त्याच आठवड्यात बंद केला. तो मरायला टेकला होता, आणि मला चक्की चालवायची होती.

घरच्यांनी एकच अट घातली. गावात कळता कामा नये. कारण उघड आहे. माझ्या हातून पीठ जातं. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी लोक आपलं दळण उचलून दुसरीकडे नेतील. अट मला पटली होती. लेबल मीच खरवडत होते.

बूस्टर म्हणजे काय

सुरुवातीच्या गोळ्या बरीच वर्षं चालल्या. मग त्या लागू पडेनाशा झाल्या. विषाणू रक्तात पुन्हा वाढला आणि सरकारी दवाखान्यातल्या, या आजाराच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी केंद्राने माझं औषध बदललं. नव्या गोळ्यांत एक बूस्टर होता.

समुपदेशक बाईंनी तेव्हा समजावलं होतं, ते मी माझ्या भाषेत सांगते. आपलं लिव्हर ही एक चक्की आहे. पोटात गेलेलं औषध ती दळून बाहेर टाकते. बूस्टर स्वतः विषाणूशी लढत नाही. तो या चक्कीचा पट्टा ढिला करतो. मग लढणारं औषध लवकर दळलं जात नाही, रक्तात जास्त वेळ टिकतं, आणि थोड्या गोळीत भागतं. हे झालं चांगलं.

वाईट असं की पट्टा सगळ्यांसाठीच ढिला होतो. त्याच चक्कीत दळलं जाणारं दुसरं कुठलंही औषध घेतलं, तर तेही साचत जातं. म्हणून बाई म्हणाल्या होत्या, आम्हाला विचारल्याशिवाय डोकेदुखीची गोळीसुद्धा घ्यायची नाही, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी या गोळ्यांचं सांगायचं. मी हो म्हटलं. गोळी म्हणजे तोंडाने घ्यायची ती, असं माझ्या डोक्यात बसलं. खांद्यात टोचलेली सुई हेही औषधच असतं आणि तेही त्याच चक्कीत येतं, हे मला सुचलं नाही. आमच्याकडे सुईला कोणी औषध म्हणत नाही. सुई म्हणजे सुई.

केबिनमध्ये तिघी

दळणाचे डबे उचलून उचलून माझा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. वेणीसुद्धा रूपाली घालून द्यायची. मंदा म्हणाली, वर्ध्याला हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ, तिथे आपलं माणूस आहे.

हे आपलं माणूस नवीनच झालं होतं. रूपालीची सोयरीक कारंजा घाडगेच्या मुलाशी जुळत आली होती. मुलगा महामार्गावर टायरचं दुकान चालवतो. त्याची मावशी त्या हाडांच्या दवाखान्यात सिस्टर होती. तिच्यामुळे नंबर लवकर लागला.

आमच्याकडे दवाखान्यात कोणी एकटं जात नाही. पेशंटबरोबर घरचं एक माणूस केबिनमध्ये शिरतंच, आणि दुखणं पेशंटपेक्षा तेच जास्त सांगतं. डॉक्टरांनाही याची सवय असते, ते प्रश्न त्यालाच विचारतात. त्या दिवशी खुर्चीवर मी, बाजूला मंदा आणि पाठीमागे ट्रे घेऊन मुलाची मावशी. डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला आणि विचारलं, बाकी कुठलं औषध चालू आहे का?

माझं तोंड उघडायच्या आत मंदा बोलली. "नाई डॉक्टर. तिले काईच नाई. निस्ता खांदाच धरते."

आणि टेबलाखाली तिने माझ्या पायावर पाय ठेवला.

मी पदर सारून खांदा पुढे केला. मावशी ट्रे घेऊन पुढे आली आणि डॉक्टरांनी खांद्यात सुई दिली. आठवडाभरात हात वर गेला. मी स्वतःची वेणी स्वतः घातली. थोडं दुखणं राहिलं होतं म्हणून काही आठवड्यांनी दुसरी सुई घेऊन आले. तेव्हाही केबिनमध्ये तिघी होतो. तेव्हा डॉक्टरांनी विचारलंही नाही.

तब्येत बनली

पुढचे दोन महिने मी गावात सगळ्यांत सुखी बाई दिसत होते. गाल भरले, चेहरा गोल झाला. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर बायका जवळ येऊन माझा गालगुच्चा घ्यायच्या. "काय वो, तब्येत बनली तुई. कोणत्या चक्कीचं पीठ खातं?" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. या आजाराचं माणूस वाळत जातं हेच सगळ्यांनी पाहिलेलं. फुगणाऱ्या बाईवर कोण संशय घेणार? मंदा तर खूश होती. तिला वाटलं, देखणं झाकण मिळालं.

मग पोट वाढलं. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे. मानेच्या मागे मांसाचा गोळा. पायलीभर ज्वारी उचलली की दंडावर जांभळे डाग पडायचे. जमिनीवर बसले की उठता येईना, मांड्यांत जोरच नाही. दळण घ्यायला मी स्टूल आणून ठेवलं.

विधवा बाई आणि वाढतं पोट. गावाला आणखी काय हवं? चक्कीसमोर बोलणं थांबायला लागलं, मी आत गेले की पुन्हा सुरू व्हायचं. एका दुपारी मंदा भाजी निवडताना म्हणाली, "ताई, खरं सांगजो. कोणाचं हाये?"

मी म्हटलं, "गव्हाचं. दुसरं कोण येते चक्कीवर?"

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली. माझी पाळी कधीचीच बंद झाली होती, हे तिला माहीत होतं. तरी मला मोरीत पाठवलं आणि दाराबाहेर उभी राहिली. एकच रेघ आली. मंदाने पट्टी अंगणात उन्हात नेली आणि तिरकी धरून पुन्हा पाहिली, दुसरी रेघ कुठे पुसट दिसते का म्हणून.

मी म्हटलं, मला एआरटी केंद्रात दाखवून आणा. तेव्हा माझ्या गोळ्या बाबारावभाऊजी आणायचे. ते रोज कामाला वर्ध्याला जातात आणि मला एसटीची पायरी चढवत नव्हती. मी त्यांना सांगितलं की तिथे म्हणा, वहिनी सुजली आहे. ते गोळ्या घेऊन आले. विचारलं तर म्हणाले, "लय गर्दी होती वहिनी. साखरपुडा झाला का नेतो."

साखरपुडा झाला की. त्या घरात तेव्हा सगळ्याच गोष्टी साखरपुड्यानंतर होणार होत्या.

ज्या दिवशी पडले

साखरपुड्याला दोन दिवस होते. मुलाची मावशी साड्यांचं ठरवायला आली होती. मला आदल्या दिवसापासून जुलाब लागले होते. पोटात पाणी टिकत नव्हतं. तरी चहा मीच घेऊन गेले, कारण मी दिसले नाही तर पोटाची चर्चा आणखी वाढली असती. ट्रे ठेवायला वाकले आणि तशीच पुढे पडले.

मावशी सिस्टर होती, ती घाबरली नाही. नाडी पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि मंदाला म्हणाली, "हे जुलाबाचं वाटत नाई. आमच्या दवाखान्यात नोको, मोठ्या दवाखान्यात चला." तिच्याच गाडीतून नेलं. रस्ताभर माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती पदराने माझं तोंड पुसत होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर बाई होती. बीपी लागत नव्हतं, साखर खाली गेली होती. तिने माझा गोल चेहरा पाहिला, दंडावरचे डाग पाहिले, पोटावरच्या जांभळ्या रेघा पाहिल्या आणि विचारलं, "यांना कोणती औषधं चालू आहेत?"

मंदा म्हणाली, "काईच नाई."

डॉक्टर बाई म्हणाली, "नीट आठवा. यांचा जीव त्याच्यावर आहे."

"नाई म्हटलं ना. कोणतीच नाई."

मला सगळं ऐकू येत होतं, विहिरीच्या तळातून ऐकावं तसं. पायाशी मंदा उभी, उशाशी मावशी, तिचा हात माझ्या खांद्यावर. मरणाची भीती म्हणतात ती मला तेव्हा वाटली नाही. मला राग आला. माझ्यासमोर, माझ्याबद्दल, ती दुसऱ्यांदा तेच वाक्य बोलत होती, आणि या वेळी तिला माहीत होतं की त्या वाक्याने मी मरू शकते.

मी म्हटलं, "मले एचआयव्ही हाये. एआरटी चालू हाये. बूस्टरवाली."

खांद्यावरचा हात उचलला गेला. झटकला नाही, उचलला. मावशी अर्धं पाऊल मागे सरली. मग कोरड्या आवाजात, ड्युटीवर सांगतात तसं म्हणाली, "डॉक्टर, आमच्याकडे हिच्या खांद्यात दोन स्टिरॉइडचे इंजेक्शन झालेत. आम्हाले हे कोणी सांगतलं नव्हतं."

डॉक्टर बाईला तेवढं पुरे होतं. ती सलाइन लावायला सांगून फोनकडे धावली. मावशी बेसिनवर गेली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि निघून गेली. त्या बाईने माझा जीव वाचवला आणि लगेच सोयरीक मोडायला गेली. दोन्ही कामं तिने नीट केली.

वॉर्ड

मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं ते असं. खांद्यातलं स्टिरॉइड तिथे थांबत नाही, हळूहळू रक्तात उतरतं. धडधाकट माणसाचं लिव्हर ते दळून टाकतं. माझं बूस्टरने अडवून धरलं होतं, म्हणून ते महिनोन्महिने साचत गेलं. त्यानेच चेहरा गोल झाला आणि पोट वाढलं. शरीर स्वतःही थोडं स्टिरॉइड बनवतं, ताप आला, जुलाब झाले की जास्त बनवतं. बाहेरून एवढं मिळतंय म्हटल्यावर माझ्या शरीराने ते बनवणं सोडून दिलं. सुईचं उतरत गेलं आणि आतलं बंद. तेवढ्यात जुलाब लागले आणि मी कोसळले.

सगळ्यांत कठीण समजायला हे गेलं की यावरचा उपाय पुन्हा स्टिरॉइडच. छोटी गोळी, मोजून, सकाळी. ती हळूहळू कमी करायची, मनाने बंद केली तर पुन्हा पडणार. मी विचारलं, मग बूस्टरच बंद करा ना. ते म्हणाले, एआरटी केंद्राशी बोललोय. तुमच्या रक्तातल्या विषाणूवर आता ज्या गोळ्या चालतात त्यांना बूस्टर लागतोच. तो बंद केला तर हा आजार जाईल आणि मोठा परत येईल. बूस्टर राहील, बाकीचं आपण त्याच्याकडे बघून देऊ.

डॉक्टर हे मोठ्याने बोलले होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या सुनेने खाट ओढून भिंतीकडे नेली. लोखंडी पाय फरशीवर किंचाळत गेले. म्हातारी कुरकुरली, तिच्या डोळ्यांवर आता खिडकीचं ऊन येत होतं. मला पंख्याचा वारा जास्त मिळायला लागला.

मंदा माझ्याजवळ थांबली. हे तिचं तिलाच माहीत, का ते. माझे जुलाबाने भरलेले कपडे तिने हाताने धुतले, हातमोजे न घालता, एकदाही नाक न दाबता. मला भरवलं. तिसऱ्या दिवशी मी उशीला टेकून बसू लागले, तेव्हा डबा बंद करत ती म्हणाली, "ताई, एक विचारू? दोन दिवस थांबली असतीस तं साखरपुडा झाला असता ना."

मी म्हटलं, "दोन दिवस मी थांबली नसती मंदा. मी गेली असती."

ती म्हणाली, "तेच तं." आणि डबा धुवायला गेली.

ते "तेच तं" मी कितीतरी वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं. तिला काय म्हणायचं होतं ते ऐकताक्षणीच कळलं होतं, उगीच दुसरा अर्थ शोधत होते. ती दुष्ट नाही. दुष्ट असती तर तिने कपडे धुतले नसते. तिच्या हिशेबात मुलगी आधी होती आणि मी नंतर, एवढंच. माझ्या हिशेबात मी आधी होते. दोघींचा हिशेब एका खाटेवर जमत नव्हता.

घरी आल्यावर

गावात माझ्याआधी बातमी पोचली होती. एक बरं झालं, पोटाची चर्चा थांबली. चक्कीवर पहिला आठवडा कोणीच आलं नाही. मग थोडे आले. कारण दुसरी चक्की गावाच्या त्या टोकाला आहे आणि ती जाडं दळते. काही जण अजून मुलांना पाठवतात, स्वतः येत नाहीत. एक बाई दळण घेते आणि माझ्यासमोरच डबा बाहेरून पुसते. पुसू दे. गिऱ्हाईक आहे.

चेहरा उतरायला काही महिने लागले. मांड्यांत जोर आला, स्टूल मी काढून टाकलं. खांदा अधूनमधून धरतो, त्यावर व्यायाम करते आणि शेकते.

जे या गोळ्यांवर आहेत त्यांना सांगते. बूस्टर आहे की नाही ते आपल्या केंद्रात विचारून घ्या. असेल तर सांध्यातली सुई, दम्याचा पंप, नाकातला फवारा, खाजेचं मलम, अर्धशिशीची गोळी, झोपेची गोळी, ॲसिडिटीची गोळी, टीबीचं औषध, जडीबुटीवाल्याची पुडी, यातलं काहीही विचारल्याशिवाय नको. सगळंच वाईट नसतं. काही चालतं, काही कमी करून चालतं, काही अजिबात नाही. ते ठरवणार केंद्रातले लोक. घाबरून बूस्टर मात्र सोडू नका. लेबल राहू द्या, आणि नवीन डॉक्टरकडे बाटली तशीच टेबलावर ठेवा. आणि घरच्या माणसाला केबिनच्या बाहेर बसवा. बसत नसेल तर त्याच्या आधी बोला. मला ज्या डॉक्टरने सुई दिली त्याला मी दोष देत नाही. त्याने विचारलं होतं.

सोयरीक मोडली नाही. मोडत आली होती, पण टायरवाला मुलगा अडून बसला. त्याच्या घरच्यांनी शेवटी मान्य केलं, फक्त मी मंडपात नको. लग्नाचं पीठही आमच्या चक्कीतलं नको. रूपालीने रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणाली मोठीआईशिवाय मी उभी राहणार नाही. मी तिला म्हटलं, "लग्न तुयं हाये. गुमान जा, आन् खुशीत राह्यजो." तिने ऐकलं. शहाणी आहे.

लग्नाच्या सकाळी गाडी दारात लागली. पीठ वर्ध्याहून पोत्यात आलं होतं आणि परस्पर कारंजाला गेलं होतं. सगळे बसले. मंदा नवी साडी सावरत शेवटी निघाली. जाता जाता माझ्यापाशी थांबली. घराची किल्ली माझ्या हातात दिली. डोळे लाल होते तिचे.

म्हणाली, "तू सांगतलं नसतं ना ताई, तं आज तूही गाडीत असतीस."

मी म्हटलं, "गाडीत नाई मंदा. तुया बैठकीत असती. फोटोत, हार घालून."

तिने पदराने डोळे पुसले. मग पदर खोचून गाडीत चढली. गाडी कारंजाच्या रस्त्याला लागली, आणि मी चक्कीचं शटर वर केलं.